मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाने स्पॅनिशच्या क्लासला जाण्याआधी इंग्रजी पक्कं करावं का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी सांगलीचा, वय 42, बेदाण्याचा व्यापार. शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी कामापुरतं. स्पॅनिशचा नवशिक्यांचा क्लास लावायचाय, पण क्लासवाले म्हणतात आधी इंग्रजी सुधारून या. हे खरं आहे का? आणि बोलता यायला किती महिने लागतील?"

खरं नाही. आणि असं सांगणाऱ्या क्लासमध्ये फी भरू नका.

महिन्यांचं नंतर बघू, कारण "आधी इंग्रजी" हे वाक्य सांगली-मिरजेत आणि तिकडे साताऱ्यातही मी फार ऐकलंय. ते ऐकून चांगली चांगली माणसं परत फिरली आहेत. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तकं आणि अ‍ॅप्स इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. इंग्रजी माणूस जिथे अडतो तिथे त्यांची पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठी माणूस तिथे अडतच नाही. पण शिकवणारा त्याला आधी इंग्रजीत नेतो, तिथे अडकवतो आणि मग सोडवत बसतो.

उच्चारांचंच घ्या. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. पाचही आपल्या तोंडात तयार आहेत. स्पॅनिशचा त आणि द दातांना जीभ लावून होतो, आपल्यासारखाच. प, त, क यांच्यामागे हवेचा झोत नसतो, तोही आपल्यासारखाच. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे जमवायला बराच घाम गाळावा लागतो. मराठी विद्यार्थी मात्र रोमन अक्षरं बघितली की शाळेतल्या इंग्रजीच्या सवयीने "टेंगो", "टोमाटे" वाचायला लागतो. खरे उच्चार "तेंगो" आणि "तोमाते". पहिल्याच तासाला "ट आणि ड विसरा, त आणि द म्हणा" एवढं कुणी सांगितलं तर निम्मा विदेशी हेल तिथेच गळून पडतो.

आता मुख्य गोष्ट. विश्रामबागेतल्या एका बॅचमध्ये आवड-नावड सांगायचा धडा चालू होता. सरांनी फळ्यावर "आय लाइक ग्रेप्स" लिहिलं, खाली स्पॅनिश वाक्य लिहिलं, "मे गुस्तान लास उवास", आणि नियम सांगायला सुरुवात केली: इथे कर्ता कर्म होतो, कर्म कर्ता होतं, क्रियापद उलटं चालतं, हा अपवाद आहे, पाठ करा. वर्गात आठ-दहा जण. एक बँकेतल्या बाई, दोन इंजिनिअर, तासगावचा एक द्राक्ष बागायतदार. सगळ्यांच्या वहीत एकच चूक उतरली: "यो गुस्तो उवास". म्हणजे "मी" कर्ता धरला आणि क्रियापदाला "मी"चा प्रत्यय लावला. सरांनी खोडलं, पुन्हा समजावलं, पुन्हा तीच चूक. तासाचा बराचसा वेळ यात गेला.

तेवढ्यात त्या बागायतदाराने विचारलं, "सर, हे 'मला द्राक्षं आवडतात' असंच आहे ना?"

तसंच आहे. "मे" म्हणजे मला. "लास उवास" म्हणजे द्राक्षं. आणि "गुस्तान" म्हणजे आवडतात. द्राक्षं अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी. चहा एकच, म्हणून "मे गुस्ता एल ते", मला चहा आवडतो. आपण "मी द्राक्षं आवडतो" असं कधी म्हणतो का? मग स्पॅनिशमध्येही म्हणायचं नाही. पुढचं पाऊलही असंच पडतं: "सुनीताला द्राक्षं आवडतात" म्हणजे "आ सुनीता ले गुस्तान लास उवास". तिथला "आ" आपल्या "ला"चं काम करतो. "ले" म्हणजे तिला, तो जास्तीचा घालावा लागतो एवढाच फरक. "माझं डोकं दुखतं" हेही त्याच चालीचं: "मे दुएले ला काबेसा". त्या तासाला फळा पुसून ही चारच वाक्यं मराठीखाली लिहिली असती तर पंधरा मिनिटांत काम झालं असतं. सर मात्र म्हणाले, "मराठीत विचार करू नका, सवय लागेल."

मला हे वाक्य मान्य नाही, तेव्हाही नव्हतं. प्रौढ माणूस पहिले काही महिने कुठल्या ना कुठल्या भाषेच्या आधारानेच शिकतो. मग तो आधार स्वतःच्या भाषेचा का नको?

मराठीचा आधार पुढेही बराच टिकतो. "मी घर बघतो" आणि "मी सुनीताला बघतो", यात माणसाला "ला" लागतो, घराला लागत नाही. स्पॅनिशमध्येही तसंच: "बेओ ला कासा", पण "बेओ आ सुनीता". इंग्रजीतून शिकणारे हा "आ" खूप दिवस विसरत राहतात. क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून आपण "उद्या येतो" एवढंच म्हणतो, "मी" गाळतो. स्पॅनिशमध्येही सर्वनाम गाळतात. तू आणि तुम्ही यांच्यासारखे "तू" आणि "उस्तेद" आहेत, फक्त "उस्तेद"ला क्रियापद "तो/ती"चं लागतं. विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात, तेही आपल्याला नवीन नाही. आणि दुसऱ्या पातळीवर जिथे बहुतेकांचं घोडं अडतं, ते दोन भूतकाळ: "काल नदीवर गेलो" म्हणजे "आयेर फुई आल रीओ", आणि "लहानपणी नदीवर जायचो" म्हणजे "दे नीन्यो ईबा आल रीओ". "गेलो" आणि "जायचो" यांतला फरक ज्याला कळतो त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

मराठी माणूस खरा चुकतो ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते इंग्रजी पुस्तकात सापडत नाही. पहिलं म्हणजे अ. स्पॅनिशमध्ये हा स्वर नाही. आपण "अमिगो", "मन्याना" म्हणतो. हवं "आमिगो", "मान्याना", प्रत्येक आ पूर्ण. दुसरं म्हणजे आघात. मराठीत आघात बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कानच तिकडे नसतो. स्पॅनिशमध्ये "पापा"च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, शेवटच्यावर दिला तर बाबा. "आब्लो"त पहिल्यावर जोर म्हणजे मी बोलतो, शेवटच्यावर म्हणजे तो बोलला. नियम सोपा आहे: शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर. जिथे हा नियम मोडतो तिथे स्वरावर तिरकी रेघ असते. ती रेघ वहीत गाळू नका. तिसरं म्हणजे र. "पेरो" म्हणजे पण, यातला र आपलाच. "पेर्रो" म्हणजे कुत्रा, यातला र जिभेचं टोक थरथरवून काढायचा. शब्दाच्या सुरुवातीचा रही तसाच थरथरता. याला रोज पाच मिनिटं द्या, काही आठवडे लागतात. च मात्र "चित्र"मधला, "चाक"मधला नाही. आणि "ह"चं अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून "ओला", "होला" नव्हे.

नामाचं लिंग मराठीवरून ओळखायला जाऊ नका. प्रत्येक नाम "एल" किंवा "ला" लावूनच पाठ करा, कारण शेवटच्या अक्षरावर भरवसा ठेवला की "ला मानो" (हात) आणि "एल प्रोब्लेमा" इथे फसायला होतं.

किती महिने? ए-1 या सगळ्यात पहिल्या पातळीला साधारण 60 ते 80 तासांचं शिकवणं धरा. आठवड्याला चार तास असतील तर चार-पाच महिने. त्यात स्वतःची ओळख, भाव विचारणं, तारीख-वेळ ठरवणं इतपत येतं. सौद्याची घासाघीस येत नाही, त्याला पुढच्या दोन पातळ्या लागतात. वयाचा प्रश्न मला गौण वाटतो. 42 व्या वर्षी कान मुलांइतका पटकन पकडत नाही, पण नियम लवकर कळतो. पंधरा दिवसांनी एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास मोठ्याने वाचणं कामाचं. बॅच दहाच्या वर असेल तर बोलायला पाळी येत नाही, म्हणून ऑनलाइन लहान बॅच मिळाली तर ती घ्या.

सरावाला माणूस शोधताना घड्याळ बघा. स्पेन तिथल्या उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तिथल्या हिवाळ्यात साडेचार. रात्री नऊला तिथे दुपार-संध्याकाळ असते. मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे, म्हणजे आपल्या सकाळी सातला तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. व्यापारासाठी शिकताय म्हणून आकड्यांचंही सांगतो: "मिय्योन" म्हणजे दहा लाख, पण "बिय्योन" म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे, एक लाख कोटी. आणि स्पेनच्या कागदावर 1.500 म्हणजे दीड हजार; मेक्सिकोत तोच ठिपका दशांशचिन्ह असतो.

काही गोष्टी तुमच्या विरुद्धही आहेत, त्याही सांगायला हव्यात. मराठी-स्पॅनिश साधनं फारच थोडी आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचून अर्थ लागण्याइतपत लागेलच. ते तुम्हाला कामापुरतं येतं, तेवढं पुरे. "सेर" आणि "एस्तार" या दोन क्रियापदांना मराठीत एकच "आहे", तिथे आपली भाषा उपयोगी पडत नाही, भरपूर वाक्यंच करावी लागतात. प्रमाणपत्र हवं असेल तर इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची डेले परीक्षा आहे. ए-1 ला चार भाग, प्रत्येकी 25 गुण, दोन-दोन भागांचे दोन गट आणि प्रत्येक गटात 50 पैकी 30 हवेतच. वाचन-लेखन उत्तम आणि ऐकणं-बोलणं कच्चं असेल तर नापास. म्हणून क्लास निवडताना पहिल्या महिन्यापासून ऐकण्या-बोलण्याला किती वेळ देतात ते विचारा.

आणि डेमोला गेलात की शिकवणाऱ्याला "मला द्राक्षं आवडतात" एवढं एकच वाक्य शिकवायला सांगा. त्याने आधी इंग्रजी वाक्य लिहून अपवाद सांगायला सुरुवात केली तर दुसरा क्लास बघा.