संकेतस्थळ चालवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून औसा, परंडा, कंधार, नळदुर्ग अशा आपल्याकडच्या किल्ल्यांविषयीचे एक छोटे संकेतस्थळ पदरखर्चाने चालवतो. त्यातील काही छायाचित्रे दुसऱ्या एका अभ्यासकाच्या संकेतस्थळावरची आहेत. ती मी उतरवून घेतलेली नाहीत. माझ्या पानात केवळ त्या चित्रांचे पत्ते घातले असून खाली ‘इंटरनेटवरून साभार’ असे लिहिले आहे. तरीही त्या गृहस्थांचे रागाचे पत्र आले. यात माझे काय चुकले? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : त्यांचा राग रास्त आहे. आपले पान कोणी उघडले की वाचकाचा ब्राउझर ते चित्र दर वेळी त्या गृहस्थांच्या सर्व्हरवरून, म्हणजे त्यांचे संकेतस्थळ जिथे साठवलेले आहे त्या संगणकावरून, मागवतो. म्हणजे वाचक आपले आणि भार त्यांच्यावर. दोन एमबीची पाच छायाचित्रे असलेले पान महिन्यात हजार वेळा उघडले गेले, तर सुमारे दहा जीबी डेटा त्यांच्या खात्यातून जातो, आणि अनेक स्वस्त होस्टिंग योजनांत (सर्व्हरवर भाड्याने जागा घेण्याच्या योजनांत) डेटाला मर्यादा असते. शेजाऱ्याच्या मीटरवर आपली मोटार चालवण्यासारखाच हा प्रकार आहे. शिवाय त्याच पत्त्यावर उद्या त्यांनी दुसरे चित्र ठेवले, तर आपल्या पानावर तेच झळकेल. वैतागलेले संकेतस्थळचालक असे मुद्दाम करतात, आणि त्यांना फारसा दोष देता येत नाही.

चित्र उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवले तर हा भार थांबेल, परंतु मग परवानगीचा प्रश्न उभा राहतो. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मधील २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. किल्ला कितीही जुना असला तरी त्याचे परवा काढलेले छायाचित्र जुने ठरत नाही. ‘साभार’ या शब्दाने परवानगी मिळत नाही, आणि इंटरनेटचे आभार मानल्याने छायाचित्रकारापर्यंत काहीही पोहोचत नाही. तेव्हा चित्रे आजच काढून टाकावीत, तसे त्यांना कळवावे, आणि हवी असल्यास नेमकी कोणती व कोणत्या पानासाठी हे सांगून रीतसर मागावीत. नकार आला तर कारण विचारू नये. त्यांच्या पानाकडे जाणारी साधी लिंक देण्यास मात्र हरकत नाही. तीमुळे वाचक त्यांच्याकडेच जातो. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्रांच्या संग्रहावरील चित्रे घेताना प्रत्येक चित्राखालचा परवाना वाचावा, कारण पुष्कळ परवान्यांत छायाचित्रकाराच्या नावाबरोबर परवान्याचाही उल्लेख आवश्यक असतो आणि तो हमखास राहून जातो. शिवाय आपण धाराशिवचे. पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधबे वाहू लागले की कॅमेरा घेऊन स्वतःच जावे, हे उत्तम.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील गावांतून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून गाणाऱ्या बायांच्या नाव, गाव व फोटोसह संकेतस्थळावर ठेवते. एका आजींच्या नातीने सर्व काढून टाकण्यास सांगितले आहे. आजींनी तर आनंदाने गायले होते. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी काढावे, बोलणे नंतर करावे. आजी आपल्यासमोर गायल्या, ती संमती ओसरीपुरती होती. सासरचे नातेवाईकही कधीही ऐकू शकतील, ही कल्पना त्यांना दिली होती का? ओवीत सासू, नणंद, भावजय यांच्यावर बोलणे येते, कधी नावही येते, आणि गावाच्या उल्लेखामुळे माणूस लगेच ओळखू येतो. म्हणून यापुढे ध्वनिमुद्रण झाल्यावर मोबाइलवर एखादे जुने पान उघडून दाखवावे, आपला आवाज असा सगळीकडे जाईल हे सांगावे आणि मगच विचारावे. फोटो नको पण नाव हवे, असे म्हणणाऱ्या बायाही असतात. त्यांचे नाव परस्पर गाळणे हाही अन्यायच, कारण सादरकर्त्याचे हक्क कायद्याने मानलेले आहेत. नातीने सांगितले असले तरी आजींचे स्वतःचे मत विचारायला जरूर जावे. तोवर पान बंद ठेवावे. आणखी एक तांत्रिक खबरदारी अशी की, पानावरची लिंक काढली तरी ध्वनिफीत सर्व्हरवर असेल तर जुन्या पत्त्याने ती वाजतेच. मूळ फाइलच पुसावी आणि गूगलच्या शोधातून तो पत्ता वगळण्याची विनंतीही करावी.

प्रश्न : संकेतस्थळाचे नाव बदलत आहे. जुने डोमेन (संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव) सोडून दिले तर चालेल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : लगेच सोडू नये. ज्यांनी आपल्या पानांच्या लिंक दिल्या आहेत, त्यांच्या वाचकांची वाट त्यामुळे तुटेल. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून त्याच मजकुराच्या नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे वळण (जुना पत्ता उघडताच ब्राउझरला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सर्व्हरची सूचना) लावावे; सर्वांना नुसत्या मुखपृष्ठावर आणून सोडू नये. सोडलेले डोमेन कोणीही विकत घेऊ शकतो, आणि एखाद्या शाळेने विश्वासाने दिलेली लिंक मग जुगाराच्या जाहिरातीवर उघडते. निदान काही वर्षे त्याचे नूतनीकरण करीत राहावे.