द्वारे, मुळे नव्हे

प्रिय लेकी,

सलाम. परवा प्रार्थना सभा संपल्यावर चपला घालता घालता तू विचारलंस, "विश्वास ही अटच असेल, तर बाबांचं दुखणं माझ्यामुळे हटत नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता रिक्षात बसलीस. तो 'माझ्यामुळे' कानातून जात नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या वाक्यात चुकलेला शब्द 'अट' नाही, 'मुळे' आहे. बायबलमधलं प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र, त्याचा 2रा अध्याय काढ, 8वं वचन. तारण कसं मिळतं ते तो सांगतोय. तिथे 'विश्वासाच्या द्वारे' असं आहे. ग्रीकमध्ये दिआ पिस्तेओस. शेवटच्या शब्दाचं रूप बदलून दिआ पिस्तिन केलं की अर्थ 'विश्वासामुळे' होतो. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो यावर पौल पानंच्या पानं लिहितो, पण हे दुसरं रूप तिथे एकदाही वापरत नाही. द्वारे, मुळे नव्हे.

नळ आले की तू बादली लावतेस. पाणी नर्मदेचं, तिकडे जलूदहून जवळजवळ 70 किलोमीटर पंपांनी चढवत इंदूरला आणलेलं. ते बादलीने ओढलेलं नाही, आणि बादली केवढी आहे हे बघून कुणी सोडलेलंही नाही. पण पालथी ठेवलीस तर ती कोरडीच राहील. विश्वास अट आहे तो एवढ्याच अर्थाने. (उपमा पुढे लंगडते. आपल्या इथे बादलीही देणाराच देतो.) वेस्टमिन्स्टरच्या 1647च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे ख्रिस्ती शिकवण सवाल-जवाबात मांडणाऱ्या जुन्या पुस्तकात, 32व्या उत्तरात विश्वासाला सरळ 'अट' म्हटलंय, आणि त्याच वाक्यात तो विश्वास निर्माण करायला पवित्र आत्मा दिला जातो असंही म्हटलंय. 73व्या उत्तरात तर विश्वास हे निव्वळ साधन. लोक 'अट' एवढंच वाचतात आणि पुस्तक मिटतात.

आता देवाची अभिवचनं, म्हणजे त्याने दिलेले शब्द, वाचताना आधी 'जर' शोधायचा. नोहाशी केलेल्या करारात, उत्पत्ती 9:8-17, तो सापडणार नाही. त्या करारात पशुपक्षीही आहेत, ती कुठून विश्वास ठेवणार? निर्गम 19:5 मध्ये 'जर' दारातच उभा आहे. अनुवाद 28 मध्ये आशीर्वादाची वचनं 14 आणि शापाची 54, पण कॅलेंडरवर छापायला पहिली चौदाच बरी दिसतात. तो इस्राएल या एका राष्ट्राशी केलेला करार. बाबांचा रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघू नकोस.

उत्पत्ती 15 मात्र सावकाश वाच. तिथे देव अब्राहामाशी करार करतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, मधोमध चिरून समोरासमोर मांडलेले. पक्षी तेवढे चिरलेले नाहीत. अशा तुकड्यांमधून चालत जायचं म्हणजे 'शब्द मोडला तर माझेही असेच तुकडे होवोत'; यिर्मया 34 मध्ये हीच रीत दिसते. इथे चालतं कोण? अब्राहाम गाढ झोपलाय. धुमसती शेगडी आणि जळती मशाल, देवाच्या उपस्थितीची खूण, एवढंच पलीकडे जातं. सहाव्या वचनात त्याने विश्वास ठेवलेला आहे, खरंच ठेवलेला आहे. तरी कराराचं ओझं एकाच बाजूवर आलं. हा माणूस 75व्या वर्षी हारान सोडतो, 86व्या वर्षी घाई करून इश्माएलचा बाप होतो, 99व्या वर्षी मुलाचं अभिवचन ऐकून हसतो, आणि 100व्या वर्षी इसहाक मांडीवर येतो. विश्वास रोज मोजून मूल द्यायचं असतं तर मूल झालंच नसतं.

दुसरी बाजू लपवणार नाही. गणना 14 मधली, मिसरातून सुटून वचनदत्त देशाकडे निघालेली इस्राएलांची पिढी विश्वास न ठेवल्यामुळे अरण्यात संपली. हो, तिथे 'मुळे' लागतो! अविश्वासाला मुळे, विश्वासाला द्वारे. पण अभिवचन त्यांच्याबरोबर पुरलं गेलं नाही, त्यांची मुलं यार्देन ओलांडून गेली.

तुला ज्यांनी याकोब 1:6, 'संशय न धरता विश्वासाने मागावं', ऐकवलं, त्यांनी 5वं वचन वाचलं नसावं. तिथे शहाणपण मागण्याविषयी चाललंय, बरं होण्याविषयी नाही. योहान 5 मधला 38 वर्षं आजारी असलेला माणूस बरा झाला तेव्हा कुणी बरं केलं हेही त्याला ठाऊक नव्हतं. नाईनच्या विधवेचा मेलेला मुलगा येशूने उठवला, तिने तर काही मागितलंही नाही. उलट पौलाने आपल्या 'शरीरातला काटा', म्हणजे त्याचं दुखणं, दूर व्हावा म्हणून तीनदा मागितलं आणि काटा राहिलाच. त्याच्या विश्वासात काय कमी होतं, सांग बरं? बाबा या महिन्यात उठतील असं अभिवचन शास्त्रात कुठेही नाही. जे दिलेलंच नाही, ते मिळालं नाही म्हणून स्वतःला कशाला टोचतेस?

'विश्वास ठेवा म्हणजे मिळेल' हे अर्धं वाक्य आमच्या पिढीने मुलांकडून घोकून घेतलं. ते आमच्या पदरी आहे. म्हणून मी एका शब्दयोगी अव्ययावर अडून बसतो. कीस काढतो म्हणतात. म्हणू देत.

रात्री वॉर्डात बसशील तेव्हा विश्वास फुगवत बसू नकोस. मार्क 9:24 मधल्या बापाने 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाक' असं म्हणत एका दमात विश्वास आणि अविश्वास दोन्ही पुढे केले, आणि त्याचा मुलगा बरा झाला. तेवढं मागणं तुलाही पुरे. आणि याकोब ऐकवणारी ती मंडळी पुन्हा आली तर मार्क 2:5 उघडून समोर ठेव. पक्षाघात झालेल्या माणसाची बाज चौघांनी उचलली होती, आणि येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. मग त्यांना विचार, तुम्ही बाज उचलायला आलात ना, मग मोजमाप माझंच का घेताय?