मित्रासाठी जामीनदार म्हणून सही केली, तर माझ्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते?

तुम्ही विचारलं आहे की मित्राला २५,००० रुपयांचा जामीन मंजूर झालाय, तुम्ही जामीनदार राहिलात तर ते पैसे आत्ता भरायचे का आणि पुढे कुठे अडकाल.

आत्ता ती रक्कम भरावी लागत नाही. आरोपी ठरलेल्या प्रत्येक तारखेला हजर राहील, आणि राहिला नाही तर २५,००० मी भरीन, असं तुम्ही न्यायालयाला लिहून देता. हेच तुमचं बंधपत्र. आरोपी स्वतःचा जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याची स्वतःची लेखी हमी, वेगळा देतो. उद्या तो दोषी ठरला किंवा त्याला दंड झाला, तर तो तुमच्याकडून वसूल होत नाही. तुमची हमी फक्त त्याच्या हजेरीपुरती असते.

ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि ऐपतीचा पुरावा लागतो. ऐपतीसाठी पगारपत्रक, सातबारा किंवा घरपट्टीची पावती चालते. मोठ्या रकमेला तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात. याआधी किती जणांना जामीन राहिला आहात, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कामकाजाचा कायदा; पुढची कलमंही त्याचीच) कलम ४८६ प्रमाणे जाहीर करावंच लागतं. ते लपवू नका. आणि कोर्टाच्या आवारात पैशांच्या बदल्यात कुणालाही जामीन राहणारे लोक असतात, ते मित्राला घेऊ देऊ नका. कागद बनावट निघाले तर जामीन जातो आणि नवा गुन्हा दाखल होतो.

खरी अडचण चुकलेल्या तारखेपासून सुरू होते. आरोपी आला नाही आणि वकिलांनी गैरहजेरी माफीचा अर्जही दिला नाही, तर वॉरंट निघतं आणि बंधपत्र जप्त होऊ शकतं. मग कलम ४९१ खाली तुम्हाला नोटीस येते: रक्कम भरा, नाहीतर का भरू नये ते सांगा. बरेच जण इथेच गप्प बसतात, आणि ते सगळ्यांत महागात पडतं. उत्तर दिलंत, आरोपीला हजर केलंत, आजारपणासारखं कारण कागदानिशी दाखवलंत, तर न्यायालय कारणं नोंदवून रक्कम कमी करू शकतं. उत्तर दिलं नाही तर ती दंडासारखी वसूल होते. वसुली झालीच नाही तर जामीनदाराला ६ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. म्हणून सही करतानाच खटल्याचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख स्वतः बघत राहा. पत्ता बदलला तर न्यायालयाला कळवा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस तुमच्या हाती येणार नाही.

मित्र फोन उचलेनासा झाला, तर वाट बघू नका. कलम ४८९ प्रमाणे जामीनदार कधीही मुक्ततेचा अर्ज करू शकतो. मात्र अर्ज दिला म्हणजे सुटलात असं होत नाही. न्यायालय आधी आरोपीला हजर करण्यासाठी वॉरंट काढतं, तो समोर आला की तुमचं बंधपत्र रद्द होतं. त्याला मग दुसरा जामीनदार द्यावा लागतो, नाहीतर कोठडी. म्हणून तो बेपत्ता होण्याआधी, पहिली शंका आली तेव्हाच अर्ज करा.

'तुला भरावे लागले तर मी परत देईन' असं मित्राकडून लिहून घ्यायचा विचार असेल तर सोडा. जामीनदाराच्या पैशाला धोका असेल तरच तो आरोपीवर लक्ष ठेवेल, या तत्त्वावर सगळी व्यवस्था उभी आहे, त्यामुळे असा करार कायद्याने टिकत नाही.

हे सगळं झेपणारं वाटत नसेल, तर मित्राच्या वकिलांना रोख जामिनाचा, म्हणजे जामीनदाराऐवजी रक्कम न्यायालयात भरण्याचा, अर्ज करायला सांगा. रक्कमच आवाक्याबाहेरची असेल तर ती कमी करण्याचे अधिकार सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयाला आहेत. कलम ४८४ मध्ये रक्कम अवाजवी नसावी असं स्पष्ट म्हटलं आहे.

निकालाच्या आधी न्यायालय अपिलात हजर राहण्यासाठी ६ महिन्यांचं नवं बंधपत्र मागू शकतं. त्यावर सही करायची की नाही, ते तुम्ही तेव्हा नव्याने ठरवा. मूळ कागद किंवा ठेवपावती न्यायालयात दिली असेल, तर ती परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.