येऊरचं जंगल राहू द्या, जिन्यातली दुधाची पिशवी बघा

तुम्ही लिहिलंय की एस.वाय.ला आहात, थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात, दोन मिनिटांची, करून द्यायची आहे. चौघं आहात, एक चांगला मोबाईल, एक ट्रायपॉड, तीन हजार रुपये आणि डिसेंबरातले दोन शनिवार-रविवार. गोष्ट अशी ठरलीय: ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रात्री एक मुलगी धावतेय, मागे मुखवटा घातलेला माणूस, हातात सुरा, मग काळोख आणि सिनेमाचं नाव. रात्री मोबाईलवर हे नीट येईल का आणि परवानगी कुठून काढायची, असे दोन प्रश्न आहेत.

नीट येणार नाही, आणि त्या परवानगीच्या मागे लागूही नका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे शूटिंग करता येत नाही, आणि रात्री तो बिबट्यांचा इलाखा आहे. चार मुलांनी अंधारात तिथे असूच नये. शिवाय उजेड नसला की मोबाईल आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवत नेतो आणि सगळ्या चित्रात दाणे नाचायला लागतात.

पण समजा परवानगी मिळाली, लाइटही मिळाले, तरी माझी हरकत राहीलच. ती मुलगी कोण हे कळायच्या आत ती धावायला लागते. जिची ओळखच नाही तिच्यासाठी आपला जीव टांगणीला लागत नाही. मुखवटा आणि सुरा दिसला की प्रेक्षकाला सगळं कळून चुकतं, त्याला विचारायला काही उरत नाही. सुरुवातीचं काम एवढंच असतं की रोजच्या पाहण्यातली एक गोष्ट जागची हलवायची, आणि ती का हलली हा प्रश्न प्रेक्षकाच्या हातात देऊन थांबायचं. मी मालिकांच्या सेटवर बरीच वर्षं कॅमेरा असिस्टंट होतो, आता विद्यार्थ्यांना मदत करतो. चांगली मेहनत करूनही मुलं इथेच हुकतात. एक तर दोन मिनिटांत अख्खी गोष्ट संपवतात, नाहीतर ट्रेलर करून आणतात.

तुमच्यातल्या कोणाच्या तरी बिल्डिंगचा जिना घ्या. ठाण्यात निम्म्या दारांना सकाळी दुधासाठी कापडी पिशवी लटकलेली असते. संध्याकाळी सहा वाजता एक मुलगी क्लासवरून येते, तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या काकूंच्या सेफ्टी डोअरला सकाळची पिशवी तशीच आहे, दुधासकट. ती थबकते. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी होते. म्हणजे काकू घरात आहेत, मग दूध का नाही घेतलं? ती बेल वाजवते, "काकू?" उत्तर नाही. दुसरी शिट्टी, तिसरी, चौथी, पाचवी. आपल्या घरांत वाढलेल्या कुठल्याही माणसाला पाचव्या शिट्टीला उठून गॅस बंद करावासा वाटतो. तुमचा प्रेक्षक खुर्चीत तिथेच अस्वस्थ होईल. सहावी शिट्टी अर्धी होते आणि दबते. गॅस कोणीतरी बंद केला.

मुलीला हायसं वाटतं. "काकू, दूध बाहेरच राहिलंय हं," म्हणत ती पिशवी कडीतून सोडवायला लागते. पिशवीच्या बंदांचा गुंता सुटत नाही, तिची मान खाली, लक्ष गाठीत. आणि दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत दोन पावलांच्या सावल्या येऊन थांबतात. तिला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. आतली कडी सरकल्याचा आवाज. काळोख, नाव.

यात सुरा नाही, रक्त नाही, धावाधाव नाही. अचानक कोणी अंगावर आलं तर प्रेक्षक एकदा दचकतो आणि विसरतो. पण पात्राला माहीत नसलेलं त्याला माहीत झालं, की तो स्वतःच "अगं, हात काढ" म्हणायला लागतो. ही गोष्ट जशीच्या तशी घ्याच असं नाही, पण तुमची जी काही असेल तिला या कसोटीवर लावून बघा: प्रेक्षकाला जास्त कधी कळतं आणि तिला कमी कधी कळतं?

आता तयारी. शूटिंगच्या आठवडाभर आधी जागेवर जा आणि प्रत्येक शॉटचा मोबाईलवर एकेक फोटो काढा. चित्र काढता येत नसेल तर स्टोरीबोर्डचं काम या फोटोंनी होतं. ते एडिटिंग अ‍ॅपमध्ये ओळीने लावा, शिट्ट्या तोंडाने वाजवा, संवाद बोला, आणि दोन मिनिटं होतायत का बघा. जिथे तुम्हालाच कंटाळा येतो तो शॉट तिथेच गळाला पाहिजे. माझ्या हिशेबाने या गोष्टीला २० ते २२ शॉट पुरतात. एका शॉटला लावणं, तालीम, दोन-तीन टेक धरून १५ मिनिटं लागतात, म्हणजे साडेपाच तास. एका संध्याकाळीत बसत नाही, म्हणून दोन दिवस.

आणि गोष्टीच्या क्रमाने शूट करू नका, उजेडाच्या क्रमाने करा. आम्ही शिकत असताना उपवन तलावाकाठी दोघांच्या संवादाचा सीन केला होता. लांबचे शॉट पाच वाजता घेतले, क्लोजअपला हात घातला तेव्हा सव्वासहा झाले होते. एडिटला बसलो तर एकाच वाक्यात उन्हाची रात्र होत होती. तो सीन काढून टाकावा लागला आणि त्याच्याशिवाय फिल्म उभीच राहिली नाही. तुमच्या गोष्टीत जिन्याच्या जाळीतून बाहेरचं आकाश दिसणारे शॉट तीन-चारच असतील. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतरची तिन्हीसांजेची निळाई जेमतेम वीस मिनिटं टिकते. तेच तीन-चार शॉट त्या वीस मिनिटांत, रोज दोन-दोन. तालीम साडेपाचला पूर्ण झालेली हवी. दार, पिशवी, हात, कडी, पावलं यांचे शॉट रात्री कधीही होतील.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्रातला निळ्या-पिवळ्याचा तोल, ऑटोवर ठेवू नका. साधारण ४००० केल्विनला लॉक करा, मग जाळीतला उजेड निळा येतो आणि दाराखालचा बल्बचा उजेड पिवळा. थंड बाहेर, ऊबदार आत, आणि भीती त्या उबेच्या बाजूला आहे, हे मला फार आवडतं. एक्स्पोजर आणि फोकसही लॉक. कॉरिडॉरची ट्यूब बंद ठेवा, नाहीतर दाराखालची पट्टी उठून दिसणार नाही. मुलीच्या चेहऱ्यावर अंधार फार वाटला तर जाळीसमोर पांढरा थर्मोकोल धरा. फडफडणारी ट्यूब दाखवायचा मोह होईल, तो आवरा, तिने प्रेक्षक आधीच सावध होतो.

जिथे ट्यूब किंवा स्वस्तातले एलईडी लागलेत तिथे आणखी एक काळजी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मिचकतात. डोळ्याला कळत नाही, पण ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम) आणि १/६० शटरवर (दर फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) चित्रात पट्टे सरकताना दिसतात. २५ एफपीएस आणि १/५० शटर ठेवा, प्रश्न मिटतो. मोबाईलच्या मूळ कॅमेऱ्यात हे मिळत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप फुकट आहे, तुमच्या मोबाईलवर चालतं का ते आधी तपासा.

पावलांच्या सावल्यांसाठी आत लांब बॅटन, म्हणजे पट्टीसारखा एलईडी दिवा, लावू नका. आम्ही एकदा लावली होती, सावल्या विरघळूनच गेल्या. एकच लहान बल्ब, जमिनीलगत, दारापासून पाच-सहा फूट मागे. आणि माणूस दाराला अगदी चिकटून उभा. तेव्हा दोन पावलं वेगवेगळी दिसतात.

आवाजाला अर्धा वेळ द्या. कुकर सेटवर लावायचाच नाही. घरी स्वयंपाकघरात पंखा बंद करून शिट्ट्या रेकॉर्ड करा, आणि गॅस बंद केल्यावर वाफ बसत जाते तो आवाजही. मग ते रेकॉर्डिंग त्याच फ्लॅटमध्ये दार लावून स्पीकरवर वाजवा आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये दुसऱ्या मोबाईलवर पुन्हा रेकॉर्ड करा. दारातून गाळून आलेला, जिन्यात घुमलेला आवाज कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये इतका खरा मिळत नाही. मुलीच्या ओढणीखाली छोटा कॉलर माइक, प्रत्येक टेकला टाळी, म्हणजे एडिटिंगला आवाज जुळवता येईल. आणि निघण्याआधी सगळ्यांनी गप्प उभं राहून एक मिनिट नुसत्या जिन्याचा आवाज घ्या. दोन संवादांच्या मधे तो भरायला लागतोच. पार्श्वसंगीत पहिल्या मिनिटाला अजिबात नको. शिट्ट्या हेच तुमचं संगीत.

लुक, म्हणजे पात्र कुठल्या बाजूला बघतंय ते, सांभाळा. पहिल्या शॉटमध्ये दार मुलीच्या उजवीकडे असेल तर कॅमेरा शेवटपर्यंत त्याच बाजूला ठेवा, नाहीतर ती दाराकडे पाठ करून काकूंना हाक मारतेय असं दिसेल. चौघांपैकी एकाने कंटिन्युटीशिवाय काही करायचं नाही: पिशवीची गाठ, केस, सॅक कुठल्या खांद्यावर, दर टेकनंतर फोटो.

परवानगीचं सोपं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना तारीख-वेळ लिहून पत्र द्या, कॉलेजचं पत्र जोडा, वॉचमनकाकांना आणि त्या मजल्यावरच्या दोन्ही घरांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा. शेजारच्या आजी संध्याकाळी मालिका लावत असतील तर त्यांची वेळ विचारून घ्या, तो आवाज तुमच्या ट्रॅकवर नको. ठाणे स्टेशन किंवा ट्रान्स-हार्बर लोकलच्या एखाद्या स्टेशनवर एक शॉट घेऊ असं पुढे डोक्यात येईल, पण रेल्वेच्या परवानगीशिवाय नको. रुळांवर उतरणं तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

तीन हजारांत बल्ब, होल्डर, वायर, थर्मोकोल, कॉलर माइक आणि दोन संध्याकाळचं खाणं येतं. खाण्यात काटकसर करू नका, सहा वाजता भुकेलेली अभिनेत्री सातव्या टेकला चेहऱ्यावर दिसते.

नाव कडीच्या आवाजावर आणू नका. कडी, मग दोन सेकंद पूर्ण काळोख आणि शांतता, मग नाव. तुम्हा चौघांची नावं मुलगी जिने चढत असतानाच टाकून घ्या, शिट्टी सुरू झाल्यावर पडद्यावर एकही अक्षर नको.

फोटो काढून झाले की इथे टाका, मी बघतो. त्याआधी एक करा: दाराखालची फट पट्टीने मोजा. अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर पावलं दिसणार नाहीत आणि दुसऱ्या कोणाच्या तरी घराचं दार शोधावं लागेल.