रात्री महामार्गावर गाडी उभी करावी लागली तर

पुणे-कोल्हापूर रस्त्यावर रात्री झोप अनावर झाली, तर साइडपट्टीवर गाडी लावून तासभर डुलकी काढली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून असं करू नका. साइडपट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी असते. झोपायचं असेल तर पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठा, अंधारात थांबू नका.

गाडी बंदच पडली, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 109 वा नियम लक्षात ठेवा: रस्त्यावर उभ्या गाडीचेही पार्किंग लाइट चालू राहिले पाहिजेत. इतरांना धोका होईल अशा जागी गाडी ठेवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नुसार मनाई आहे. पण दंडाची रक्कम ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट.

कर्नाटकात 2013 साली रात्री एक कार महामार्गावर सोडून दिलेल्या ट्रकवर आदळली. ट्रकचे दिवे बंद, इशाऱ्याची खूणही नाही. तरी भरपाईच्या दाव्यात आधी निम्मा दोष कारचालकावर टाकला गेला. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढला आणि पूर्ण जबाबदारी ट्रकवर ठेवली. ‘मागून ठोकणाऱ्याचीच चूक’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते दरवेळी खरं नसतं.

आता प्रत्यक्षात काय करायचं? चारही इंडिकेटर लावा. लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीला चिकटून ठेवू नका. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते, म्हणजे चालकाला दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तीस-चाळीस मीटर संपतात. महामार्गावर त्रिकोण निदान शंभर पावलं मागे हवा, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. तो ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेने चाला.

दगड आणि फांद्या मात्र लावू नका. ऊस हंगामात ट्रॉलीवाले लावतात, आणि ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड तिथेच राहतात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते दिसतच नाहीत. याचा मला फार संताप येतो.

माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, मागे उभंही करू नका. सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या आणि मग फोन लावा: राष्ट्रीय महामार्गावर 1033, बाकी कुठेही 112.