वाचकांचे प्रश्न : वॉटर फ्लॉसर, बोअरचं पाणी आणि चिमूटभर हळद

मागच्या अंकात मिक्सरबद्दल लिहिताना जाता जाता वॉटर फ्लॉसरचा एका ओळीत उल्लेख केला होता. पत्रं आली ती सगळी फ्लॉसरवरच, मिक्सर राहिला बाजूला. दातांच्या फटीत पाण्याची बारीक धार मारणारं हे यंत्र आता जिल्ह्यात वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलंय म्हणायचं. आधीच सांगून ठेवतो, मी दातांचा डॉक्टर नव्हे. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांतल्या दातांच्या खुर्च्या, कंप्रेसर आणि पाण्याच्या नळ्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. तेव्हा हिरड्यांचं डॉक्टरांना विचारा, यंत्राचं मला.

आम्ही जतजवळ वस्तीवर राहतो. पाणी बोअरचं. फ्लॉसर नवीन होता तेव्हा धार हिरडीला झोंबायची, आता नुसती पिचकारी. चार्जिंग फुल्ल असतं, आवाजही पहिल्यासारखाच येतो. दुकानदार म्हणतो मोटर गेली, नवीन घ्या. खरंच गेली का हो?
— एक वाचक, जत तालुका

आवाज पहिल्यासारखाच येतोय ना, मग मोटर शाबूत आहे. दुकानदाराला नवीन विकायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आत काय असतं ते सांगतो, म्हणजे दुखणं कुठं आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. मोटर एक छोटा दट्ट्या खालीवर करते. दट्ट्या मागं गेला की टाकीतलं पाणी आत ओढलं जातं, पुढं आला की नोझलमधून बाहेर फेकलं जातं. गावातल्या हापशाचंच तत्त्व, फक्त मिनिटाला हजारच्या वर हापसे. पाणी उलटं फिरू नये म्हणून दोन इवल्या रबरी झडपा असतात. या झडपा नीट मिटल्या तरच धारेला जोर. झडपेखाली वाळूच्या कणाएवढा क्षार जरी बसला तरी ती फटीत उघडी राहते, निम्मं पाणी मागं पळतं आणि मोटर बिचारी फुकट राबते.

क्षार येतो तुमच्या पाण्यातून. खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी सुकलं की ते मागं राहतात. ज्यांच्या घरी हीटरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, त्यांच्या फ्लॉसरमध्येही तो धरतोच, फक्त दिसत नाही. परवा आटपाडीकडचा एक फ्लॉसर माझ्या टेबलावर होता. टाकीत लोंबणाऱ्या बारीक नळीच्या टोकाला एक जड गोळी असते, यंत्र तिरपं धरलं तरी तोंड पाण्यात राहावं म्हणून. त्या गोळीवरची जाळी पांढरी फटक, एकही भोक मोकळं नव्हतं. वर व्हिनेगरचा थेंब सोडला, चुर्र करून बुडबुडे आले, आणि बघता बघता जाळीचा काळा रंग दिसायला लागला. त्या यंत्राला पार्ट एकही घातला नाही.

तुम्हीही तेच करा. अर्धा लिटर कोमट पाण्यात पांढऱ्या व्हिनेगरचे दोन मोठे चमचे घाला. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व लहान चमचाभर, पूर्ण विरघळवून. टाकी लहान असेल तर दोन खेपेत वापरा. नोझल बेसिनकडे धरून निम्मं पाणी जाऊ द्या, मग यंत्र बंद करून वीस मिनिटं तसंच सोडा. आतल्या क्षाराला विरघळायला वेळ लागतो, घाई केलीत तर व्हिनेगर वाया. मग उरलेलं चालवा, आणि शेवटी साध्या पाण्याच्या दोन टाक्या. पाणी उकळतं नको, प्लास्टिक वाकतं आणि रबर बिघडतं. पहिल्या खेपेला फरक कमी वाटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. नळाच्या पाण्याला हे दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं, तुम्ही महिन्याला एकदा करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे घरात आरओचं पाणी येत असेल तर फ्लॉसरला तेच वापरा. लागतं किती, तांब्याभर.

नोझल वेगळं काढून वाटीत व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवा. सुई किंवा टाचणी घालून भोक मोकळं करायला जाऊ नका. हा उद्योग हमखास होतो, आणि एकदा भोक मोठं झालं की धार फाकते ती फाकतेच. तसंही नोझल सहा महिन्यांनी बदलायचं असतं, पुढं केसांचं ब्रशसारखं टोक असेल तर तीन महिन्यांनी.

टाकीच्या तळाशी गुलाबीसर बुळबुळीत थर येतो आणि झाकणाच्या खाचेत काळे ठिपके. वासही येतो. पाणी तर मी रोज बदलते. ब्लीचनं धुऊ का?
— एक गृहिणी, विश्रामबाग

ताई, ब्लीच नको. ते रबर खातं, आणि नळीच्या पोटात राहिलेलं कुठं जाणार? तोंडातच. खाण्याचा सोडाही नको. न विरघळलेली भुकटी झडपेत जाऊन बसते.

तुम्ही पाणी रोज बदलता, पण माझा अंदाज असा की बदलता ते दुसऱ्या दिवशी वापरायच्या वेळी. म्हणजे पाणी चोवीस तास आतच. बाथरूमच्या फरशीच्या कडेला, नळाच्या तोटीखाली जो गुलाबी थर येतो तोच हा. ओल मिळाली की जंतू भिंतीला चिकटून थर धरतात. आमच्या धंद्यात हा रोजचाच विषय. दातांच्या खुर्चीच्या नळ्या इतक्या बारीक की रात्रभर पाणी थांबलं तरी आत हाच प्रकार सुरू होतो. म्हणून प्रत्येक पेशंटनंतर वीस-तीस सेकंद पाणी आणि हवा सोडून द्यायची पद्धत आहे, आणि अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं दवाखान्याच्या पाण्याला दर मिलिलिटरमागे जंतूंच्या ५०० वसाहती (म्हणजे पुंजके) अशी मर्यादाच घातली आहे. घरच्या फ्लॉसरला कुणी मर्यादा घालत नाही, तिथं तुमचाच हात.

वापरून झालं की उरलेलं पाणी ओता. मग यंत्र दोन-तीन सेकंद रिकामं चालवा, नळीत अडकलेलं पाणी फुर्रकन बाहेर येईल. फार वेळ रिकामं चालवू नका, पाणी हेच दट्ट्याचं वंगण. नंतर टाकी काढून उपडी ठेवा, झाकण उघडंच. बरेच जण चांगलं पुसून, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवतात. दिसायला नीटनेटकं, आत मात्र दमट. त्यापेक्षा ओट्यावर उघडं पडलेलं बरं.

आत्ताचा थर घालवायला भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश. टाकी जिथं बसते तिथली रबरी रिंग नखानं हळूच उचला, काळं सगळं तिच्याखाली असतं. लांबट खाचेत ब्रश जात नसेल तर कापसाची काडी. रिंग परत बसवताना पिळ पडू देऊ नका, नाहीतर टाकी गळायला लागेल आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. हे झालं की वर जतच्या वाचकांना सांगितलेलं व्हिनेगरचं पाणी एकदा फिरवा, म्हणजे नळीचं पोटही धुऊन निघेल. वास तरीही राहिला तर टाकी नवीन मागवा, बऱ्याच कंपन्या सुटी देतात.

हिरड्या हुळहुळतात म्हणून सासूबाईंच्या सांगण्यावरून टाकीत चिमूटभर हळद आणि मीठ घालते. चालतं ना?
— एक वाचक, तासगाव

हळदीच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात बसून हे लिहिणं जिवावर येतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, तिचा मान आहेच. पण फ्लॉसरच्या टाकीत तिचं काम नाही. हळद पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते आणि तळाशी बसते. ते कण आधी जाळीत अडकतात, जाळीतून सुटले तर झडपेत. टाकी कायमची पिवळी होते ते वेगळंच. सासूबाईंना सांगा, हळद दुधात घालू.

मीठ विरघळतं, पण सुकलं की नोझलच्या भोकात त्याचे खडे होतात. डॉक्टरांनीच मिठाचं पाणी सांगितलं असेल तर पूर्ण विरघळवून घाला आणि नंतर साध्या पाण्याची एक टाकी लगेच चालवा. माउथवॉशलाही हाच नियम, तोही निम्मं पाणी मिसळून. लवंगेचं तेल वगैरे तर मुळीच नको, प्लास्टिकला तडे जातात.

आणि हिरड्या हुळहुळताहेत म्हणून पाण्यात काय घालावं हा प्रश्न माझा नाही. डॉक्टरांना दाखवा.

घरात चौघं, यंत्र एक. नोझल प्रत्येकाचं वेगळं हवं का? आईला मिश्रीची सवय आहे.
— एक वाचक, विटा

वेगळंच हवं. नोझलच्या बुडाशी रंगीत कडी असते ती त्यासाठीच, आपापला रंग ठरवून घ्या. यंत्र सामाईक चालतं.

आईंनी मिश्री लावल्यावर आधी चूळ भरावी, मग फ्लॉसर. नाहीतर ती काळी पूड नोझलच्या टोकाशी बसते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती सोडता आली तर हिरड्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सुधारतील, पण हे मी सांगून त्या ऐकतील असं नाही.

मुलानं अमेरिकेहून टेबलावर ठेवायचा मोठा फ्लॉसर आणला. पिन आपल्याकडे बसत नाही. बाजारात पिनचं कन्व्हर्टर मिळतं ते लावू का?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

गुरुजी, लावू नका. त्या कन्व्हर्टरनं फक्त पिन बदलते, वीज तीच राहते. तिकडं १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. बटण दाबलं की एकदा जोरात घुर्र आणि मग जळका वास.

यंत्राच्या बुडाखालचं लेबल चष्मा लावून वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर निर्धास्त चालवा. नुसतं १२० असेल तर व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, लेबलवरच्या वॉटपेक्षा मोठ्या क्षमतेचा. तो जड असतो, गरम होतो, आणि ओल्या बेसिनशेजारी ठेवायची ती वस्तू नव्हे. माझं मत विचाराल तर मुलाला वाईट वाटलं तरी चालेल, इथला २३० व्होल्टचा घ्या. यंत्राची जन्मभूमी मात्र तीच. १९६२ साली कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्समध्ये एक दंतवैद्य आणि एक अभियंता यांनी मिळून हे बनवलं. टेबलावरच्या यंत्राची टाकी मोठी असते, सहाशे मिलिलिटरच्या आसपास, त्यामुळे मध्येच पाणी भरायची कटकट नसते. धुवायला मात्र हँडलची लांब नळी लक्षात ठेवा. ती गुंडाळून टांगली की पाणी वळशात थांबतं, म्हणून रिकामं चालवताना सरळ खाली सोडा.

पावसाळ्यात कृष्णेला नवं पाणी आलं की नळाला गढूळ येतं. फ्लॉसर बंद ठेवू का?
— एक वाचक, सांगलीवाडी

बंद कशाला? प्यायचं उकळून गार केलेलं पाणी वापरा. तुरटी फिरवलेलं असेल तर वरचं निवळ तेवढंच घ्या, तळाचं नको.

तुमच्या भागाला २०१९ आणि २०२१ चा पूर माहीत आहे, म्हणून एक जादा सांगतो. चार्जिंगच्या बऱ्याच यंत्रांवर आयपीएक्स-७ लिहिलेलं असतं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडलं तरी आत पाणी जाऊ नये. ती चाचणी स्वच्छ पाण्यातली. पुराच्या पाण्यात बुडालेला फ्लॉसर चालू झाला तरी तोंडात घालू नका. नळीच्या पोटात काय गेलंय ते व्हिनेगर सांगत नाही.

चार्जिंगची पिन आत हिरवी पडलीय आणि यंत्राची पाठ थोडी फुगल्यासारखी वाटते. दुरुस्त करून द्याल का?
— एक वाचक, इस्लामपूर

पिनेचं हिरवं म्हणजे ओल्या हातानं चार्जिंग. रबरी बूच दाबून न लावता यंत्र धुतलं तरी हेच होतं. नुसतं हिरवं असतं तर कोरड्या ब्रशनं खरवडून पाहा म्हटलं असतं. पण पाठ फुगलीय म्हणजे आतली लिथियमची बॅटरी फुगलीय. आज, आत्ता चार्जिंगवरून काढा. उघडायला जाऊ नका, दाबून बघू नका, माझ्याकडे पार्सलही करू नका. हे यंत्र बहुतेक वेळा चिकटवून बंद केलेलं असतं, फोडल्याशिवाय उघडत नाही, आणि फोडताना बॅटरीला पातं लागलं तर ती पेट घेते. नोझल आणि टाकी हवी तर काढून ठेवा, पुढच्या यंत्राला बसली तर बसली. बाकीचं पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याच्या हाती द्या. घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याखाली दाबली गेली तर ती गाडीतच पेटेल.