राक्षसांची टोपणनावे

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या गावातील नववी-दहावीच्या मुलांसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा सूत्रधार होतो; म्हणजे मुले गोष्टीतील पात्रे होतात, आणि गोष्ट सांगणे व राक्षस उभे करणे माझ्याकडे असते. राक्षस कितीही भयानक रंगवला, तरी मुले त्याला टोपणनाव देऊन मोकळी होतात. लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर त्यांचा ‘भंगारवाला’ झाला, आणि पेटीचे सोंग घेऊन बसणारा मिमिक ‘पेटीमास्तर’. आता कुठलीही पेटी दिसली की ‘मास्तर, होऊन जाऊ द्या एक भजन!’ असा गलका होतो. ही नावे बंद करावीत काय?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : मुळीच नाही. वर्गातील एखाद्या मुलाच्या रूपावरून राक्षसाचे बारसे होत असेल, तर तेवढे मात्र तिथल्या तिथे थांबवावे.

हे राक्षस मुळात फार गंभीर घराण्यातले नाहीत. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना हाँगकाँगमध्ये बनलेली स्वस्त प्लॅस्टिकची चित्रविचित्र खेळणी मिळाली, आणि त्यांवरूनच आपला भंगारवाला, घुबडाच्या तोंडाचे अस्वल म्हणजे आउलबेअर, आणि जमीन फोडून वर येणारा ब्युलेट हे तिघे जन्माला आले. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तर ब्युलेटचे ‘लँडशार्क’ हे टोपणनाव छापूनच दिलेले आहे. (रात्रीतून शेत उकरून जाणारी रानडुकरे पाहिलेली आपली मुले त्याला काय म्हणतील, हे सांगायला नको.)

खेळातली भीती नावात नसते. खेळाडूचे काय जाणार आहे, यात ती असते. रस्ट मॉन्स्टर फारसे रक्त काढत नाही, परंतु त्याच्या मिशांचा स्पर्श होताच चिलखत गंजून गळते, आणि म्हणूनच ड्रॅगनसमोर उभा राहणारा योद्धा त्याला पाहून पळ काढतो. तेव्हा मुलांचे नाव आपणच खेळात घ्यावे : वेशीवरच्या म्हातारीने ‘काल भंगारवाला येऊन गेला’ एवढेच सांगावे, आणि पुढे गावातल्या एकाही दाराला बिजागरी शिल्लक नसावी. ताडोब्यातील एका वाघाला मटकासुर म्हणत असत. त्या नावाला हसून कोणी जिप्सीतून खाली उतरल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट : पुस्तकातले नाव आपण आधीच जाहीर करीत असाल, तर ती सवय सोडावी. प्रथम वास, आवाज, खुणा सांगाव्यात. नाव काय ठेवायचे, ते लढाईतून वाचलेल्यांनी ठरवावे.

राहिला प्रश्न पेटीमास्तरांचा. मिमिक काही केवळ पेटीचेच रूप घेत नाही. पुढच्या डावात खोलीतली पेटी अगदी साधी ठेवावी, मुलांना तिच्यापुढे हवा तितका वेळ भजनाचा आग्रह करू द्यावा, आणि ज्या दारातून मुले आत आली ते दारच मिमिक आहे, हे त्यांना परत निघताना कळू द्यावे.